जुन्या खाणीचा नवा नंबर

संकेश्वर,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,

रवळूचा नमस्कार. मंथनचा ताप उतरला का? तू वेळेवर जेव. पाकिटावर सवयीने सौ. लिहिलं गेलं, म्हणून दुसरं पाकीट घेतलं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

दाजींच्या तेराव्याला तू विचारलंस, "कडा सैल हाय, ह्ये कुणालाच ठावं न्हवतं व्हय रं?" मी घागर उचलून आत गेलो.

आक्का, प्रत्येक खाणीला सरकारी नंबर असतो. मालक बदलला तर मालकाचं नाव बदलायचं, नंबर तोच राहतो. त्याखाली आधीचे अपघात, बंद करायला लावलेली बाजू, सगळं टिकतं. आमच्या खाणीच्या नंबराखाली आमच्यातला कामगार आण्णाप्पा होता. तीन वर्षांपूर्वी उत्तरेचा कडा त्याच्यावर कोसळला आणि खाण खात्याच्या साहेबांनी ती बाजू कायमची बंद केली. तुम्ही दोघं तेव्हा गोव्यात होता.

गेल्या वर्षी नागेंद्रशेठनी खाण घेतली. जुनी माणसं काढली, मला ठेवलं. म्हणाले, "जुना नंबर कशाला वागवायचा? तुझं अक्षर चांगलं हाय, नवी खाण म्हणून अर्ज भर."

मी नववी नापास, पण अर्जात एक खाडाखोड नाही. 'यापूर्वी येथे खाण होती काय?' या प्रश्नासमोर मी 'नाही' लिहिलं. शेठनी नुसती सही केली. नवा नंबर आला, त्याखाली काहीच नव्हतं. उत्तरेला काम सुरू झालं.

मग मीच मष्णू दाजींना कामावर बोलावलं. पहिल्याच दिवशी ते कड्याकडे बघत राहिले. "रवळू, हितं आधी काय झालतं काय रं?"

"न्हाय दाजी. नवी खाण हाय."

"म्हंजी तुझ्यागत बिनलग्नाची म्हण की." हसले आणि घण घेऊन खाली उतरले.

आता शेठनी कागदावर लिहिलंय की दाजी निष्काळजीपणाने कड्याखाली गेले. सोमवारी बेळगावात खाण खात्याच्या साहेबांपुढे माझा जबाब आहे. जुना नंबर, आण्णाप्पा, माझं अक्षर, सगळं सांगणार. शेठ म्हणतात, तूच आत जाशील. जाईन. पण ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

मला दारात उभं करू नकोस. फक्त मंथनला सांग, त्याचे वडील निष्काळजी नव्हते. त्यांनी विचारलं होतं.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला न धजणारा,
रवळू