उत्क्रांतीवर बोलायचं आहे

२ मार्च, रविवार
मिस्सा झाल्यावर फादरनी चर्चच्या दारात गाठलं. म्हणाले, तीस तारखेला सभागृहात उत्क्रांतीवर बोलाल का? मी म्हटलं, बोलतो काय, सोलून काढतो! फादर हसले. चर्चला उशिरा का होईना, जाग आली. 'वर' बोलायचं म्हणजे वरूनच, घणासारखं. शीर्षक सुचलंसुद्धा : 'माणूस की माकड?' वेळ एक तास दिलाय. मला दोन लागतात.
संकल्प : रोज दोन पानं लिहायची. आणि मुलीला वाचवायचं.

३ मार्च
मुलगी परीक्षेच्या तयारीसाठी घरी आली आहे. कॉलेजात जीवशास्त्र. जेवताना म्हणाली, आपण माकडांपासून नाही आलो पप्पा, माकडं आपली चुलत भावंडं. मी म्हटलं, तुझ्या आईकडची असतील. बायकोने पातेलं उचलून आत नेलं. माझं पोट अर्धंच भरलं होतं.
वाद घातला नाही. सगळा दारूगोळा तीस तारखेसाठी. रात्री मात्र बायबलचं पहिलं पान उघडून बसलो. पहिला माणूस आदामच नव्हता म्हटलं, तर पहिलं पाप कोणी केलं? पाप नाही तर ते धुवायला येशूचा क्रूस कशाला? स्वेटरचा एक धागा ओढावा आणि अख्खी बाही हातात यावी, तसं. ही भीती नव्हे. मुलीबद्दलची काळजी.

५ मार्च, राखेचा बुधवार
फादरनी कपाळाला राख लावली. म्हणाले, तू माती आहेस. माती! माकड नव्हे. मुद्दा क्रमांक एक. घरी येऊन मुलीला ऐकवला. ती म्हणाली, मातीचा माणूस करायला देवाने किती वेळ घेतला? मी म्हटलं, सहाव्या दिवशी केला, बायबलात लिहिलंय तसं. ती म्हणाली, सूर्य तर चौथ्या दिवशी झाला ना पप्पा, मग आधीचे दिवस मोजले कशावर?
मुद्दा क्रमांक एक तूर्त राखून ठेवला आहे.

१० मार्च
एकूण लेखन : अर्धं पान. कारण दाढ. डावीकडची, खालची, अगदी मागची. दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवण्यात जन्म गेला, पण त्या खुर्चीत बसायची वेळ मी स्वतःवर येऊ दिलेली नाही.
टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांची रांग होती. आजवर त्यांच्याकडे काम म्हणून पाहिलं. आज एकेक उचलून मागपर्यंत पाहिला. अक्कलदाढेला जागाच नाही. कुणाची तिरकी, कुणाची अर्धी हिरडीत गाडलेली. देव मापाचा पक्का, हा माझा मुद्दा क्रमांक दोन. मग हे माप कोणी
पुढे लिहीत नाही. जबडे कपाटात ठेवले, तोंडं भिंतीकडे करून.

१२ मार्च
दात दाखवायला गेलोच. ज्यांच्यासाठी कवळ्या बनवतो तेच डॉक्टर. म्हणाले, अक्कलदाढ आहे, आडवी आलीय. पन्नाशीत अक्कल येतेय, अभिनंदन! हसलो नाही. तोंड उघडं होतं. आडवी का, म्हणून विचारलं. म्हणाले, पूर्वजांचे जबडे मोठे होते. पिढ्यान्‌पिढ्या जबडा लहान होत गेला, दाढा तेवढ्याच राहिल्या. मी म्हटलं, हे तुमचं मत. ते म्हणाले, मत नाही, तुमचा एक्स-रे.
विरोधक माझ्याच तोंडात बसलाय!
काढून टाकू म्हणाले. भाषणाआधी वक्त्याच्या जबड्याला हात लागता कामा नये, असं ठणकावून आलो. इंजेक्शनचा याच्याशी काही संबंध नाही.

१६ मार्च, रविवार
मिस्सेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना 'आमच्या'वर अडकलो. आमच्या म्हणजे कोणाकोणाच्या? माझा, माझ्या वडिलांचा, त्यांच्या वडिलांचा. असा मागे मागे जात राहिलो. कुठेतरी बसकं कपाळ आणि भला मोठा जबडा असलेला एक जण उकिडवा बसलेला दिसला. तोही 'आमच्या'तला का? समजा, देवाने एके दिवशी एका मुलाला आत्मा दिला. मग त्याच्या आईचं काय? आदल्या रात्री थंडीत तिने त्याला पोटाशी धरलं असेल. सकाळी तो देवाचा आणि ती रानाची?
सगळे 'आमेन' म्हणाले. मी पहिल्याच ओळीवर होतो. हात गार पडले. बायको म्हणाली, तरी सांगत होते, पंख्याखाली बसू नका.
हे भाषणात घ्यायचं नाही.

१९ मार्च
प्रार्थना बंद. तात्पुरती. भाषणासाठी आवाज राखायला हवा. मनातल्या मनात म्हणता येते, हे मान्य. तीही बंद.
मुलगी रोज सकाळी मिस्सेला जाते. तिथे बायबलचं वाचनही करते. माझं मन राखायला नाटक करत असणार. बिचारी. आपण श्रद्धेपासून किती लांब गेलोय, हे तिचं तिलाच कळत नाही.

२३ मार्च, रविवार
फादर घरी आले. भाषण वाचून दाखवलं. 'माणूस की माकड?' ऐकताच त्यांच्या नाकात चहा गेला. म्हणाले, अहो, उत्क्रांतीवर म्हणजे उत्क्रांतीविषयी! चर्चचं तिच्याशी भांडण नाही. एकोणीसशे पन्नास सालीच पोपनी लिहून ठेवलंय, शरीर आधीच्या सजीवांमधून आलं का, हे शोधायला मोकळीक आहे. आत्मा मात्र थेट देवाकडून. स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी म्हणाली, फादर, मी तेच सांगतेय, पण हे ऐकतील तर शपथ!
एकोणीसशे पन्नास! म्हणजे मी जन्माला यायच्या आधीपासून चुकतोय आणि मला कोणी कळवलं नाही.
फादरना सोडायला दारापर्यंत गेलो. आत्मा मिळालेल्या त्या मुलाच्या आईचं हळूच विचारलं. माझ्या एका मित्राला प्रश्न पडलाय, असं सांगितलं. फादरांकडे गटार तुंबल्यावरही उत्तर असतं. आज ते बराच वेळ चपलाच शोधत राहिले. मग म्हणाले, तुमच्या मित्राला सांगा, मला माहीत नाही.
डार्विनची कधी वाटली नाही एवढी भीती फादरांच्या त्या तीन शब्दांची वाटली. मित्राला, म्हणजे.

२८ मार्च
भाषण नव्याने लिहिलं. शीर्षक : 'श्रद्धा आणि विज्ञान यांत भांडण नाही.' माझी भूमिका पहिल्यापासून हीच होती. गाल फुगलाय. एका बाजूने पाहिलं तर चेहरा भारदस्त वाटतो.

३० मार्च, रविवार
सभागृह भरलं होतं. सुरुवातीला गडगडलो. दोन टाळ्या मिळाल्या, एक डॉक्टरांची. 'आणि देवाने एके दिवशी माणसाला आत्मा दिला,' इथपर्यंत आलो आणि अडलो. पुढचं वाक्य कागदावर होतं. तोंडातून भलतंच पडलं. मी माईकवर विचारलं, त्याच्या आईचं काय झालं?
टेबल धरलं. तेवढ्यात रांगेतून बायको म्हणाली, अहो, त्याने शिकवली असेल की तिला प्रार्थना. आपली पोरगी नाही का मला मोबाईल शिकवत!
लोक हसले. मग एकदम हसायचे थांबले. फादर चष्मा पुसत बसले. मी 'धन्यवाद' म्हणून खाली बसलो.
एकंदरीत भाषण गाजलं. पुढच्या महिन्यात बोलण्यासाठी फादरनी बायकोला विचारलंय. उत्तर तिचं असेल, पण प्रश्न माझा होता, हे कोणी विसरू नये.

१ एप्रिल, मंगळवार
मुलगी परत गेली. बसपर्यंत सोडायला गेलो. ती खिडकीत बसली, मी खालून समजावलं. म्हटलं, खुशाल शीक तुझं विज्ञान, माझी मोकळीक आहे. फक्त देवाला सोडू नकोस. ती म्हणाली, सोडलं कोणी? तुम्ही उगाच घाबरता पप्पा. मी म्हटलं, घाबरलंय कोण? आणि तेही मी?
ती म्हणाली, मग हात सोडा ना माझा, बस निघालीय.