झडतीवालीचे गार हात

संक्रांत, १९७४. होटगी

आज चक्क उजेडात घरी! रोज गिरणी सुटली की आम्हा बायकांची फाटकावर रांग. सूत चोरलं का, म्हणून झडतीवाली शांताबाई एकेकीची कंबर चाचपते. गार हात तिचे, अंगावर काटा येतो. तेवढ्यात होटगीची गाडी निघून जाते. घरी पोचेपर्यंत बाळ रडून झोपलेलं.

आज रांगेत पुढं आमची मल्लव्वा होती. तिनं पदराखालून हळदीकुंकवाची डबी काढली, शांताबाईच्या कपाळाला लावलं, तीळगूळ दिला आणि डबी तिच्यापुढंच धरली. "आमाला बी लावा की, आक्का. सणाचं न्हाई म्हणू नये."

शांताबाईनं फाटकावरच्या वॉचमनकडं एकदा पाहिलं. मग तिनं बोट बुडवलं. एकीला लावलं, की दुसरीचं कपाळ पुढं! वॉचमन ओरडला, "झडती कुटं हाय?"

शांताबाई म्हणाली, "हात भरल्यात माजं, दिसत न्हाई व्हय?"

रांग भराभरा सुटली. आम्ही हसत स्टेशनकडं पळालो.

तेच गार हात कपाळाला लागले, तेव्हा मात्र काटा आला नाही. का बरं? उद्या परत झडती आहेच. पण कंबर चाचपताना तिच्या बोटांना आमचीच हळद असेल.