दुसरी किल्ली

अण्णा, मालक आणि बाईसाहेब मागच्या सीटवर भांडायला लागले की तुम्ही गाडीचा आरसा वर वळवायचात. ते त्यांची लाज राखायला, की तुम्हालाच भीती वाटायची म्हणून? तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मला याचं उत्तर देता येत नाही. सातवीत असताना मी विचारलं होतं, "मागचं दिसलं नाही तर गाडी कशी चालवणार?" तुम्ही म्हणालात, "पुढं बघून. आणि मालकाच्या घरातलं मालकाच्या घरात." तुम्ही आवाज चढवला नव्हता, पण मी परत कधी विचारलं नाही.

आता मांजरी गावच्या रस्त्याला उसाच्या जागी इमारती उठतायत. आपल्या आवारातही मालकांना सॉफ्टवेअर कंपनीसाठी इमारत बांधायची आहे. ती जागा बाईसाहेबांच्या नावावर त्यांच्या वडिलांनी केलेली, आणि त्या सही करत नाहीत. बंगल्यात दोन स्वयंपाकघरं आहेत, वर बाईसाहेबांचं आणि खाली धाकट्या मुलाच्या बायकोचं, तरी मालकांचा डबा खानावळीतून येतो. थोरला अमेरिकेतून दर रविवारी फोन करतो आणि प्रत्येक जण त्याला वेगळीच हकिगत सांगतो. आई आणि मी अजून आवारातल्या मागच्या खोलीतच राहतो. मी बी.कॉम. झाले. प्रवेशाचा फॉर्म बाईसाहेबांनीच शेजारी बसून भरून घेतला होता. आता मालकांच्या कारखान्याचं स्टोअर मी सांभाळते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मालकांनी स्टोअरमधून एक कुलूप मागवलं. चिठ्ठीवर 'बंगला' लिहून मी ते दिलं. वाटलं, गच्चीवरच्या टाकीला हवं असेल. एक किल्ली द्यायची आणि दुसरी स्टोअरमध्ये ठेवायची, हा नियम मीच घातलेला. पूर्वी किल्ल्या हरवायच्या आणि चांगली कुलपं तोडावी लागायची.

दुसऱ्या दिवशी यंत्रांची पूजा होती. गुरुजींनी विचारलं, "वहिनी?" मालक म्हणाले, "माहेरी गेल्यात, कर्वेनगरला." पूजा जोडीनं करायची, म्हणून गुरुजींनी त्यांना कमरेला खोचायला सुपारी दिली. "हीच बरी," मालक म्हणाले, "सही मागितली तर 'नाही' तरी म्हणणार नाही." सगळे हसले. अण्णा, मीही हसले.

मग मी प्रसाद घेऊन बंगल्यावर गेले. खाली धाकट्याचा टीव्ही मोठ्यानं लागलेला. वरच्या देवघरात वाटी ठेवायची म्हणून सवयीनं जिना चढले, तर वरच्या मजल्याच्या दाराला बाहेरून माझं कुलूप. त्यावरचा नंबर मीच रंगवला होता. मला खोकला आला आणि आतून बाईसाहेबांचा आवाज आला, "कोण आहे? अगं, कोण आहे?" मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता खाली उतरले.

आई भाकरी थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तुला काय करायचं हाय? खोली त्यांची, नोकरी त्यांची. रस्त्यावर यायचंय का?" थोड्या वेळानं तव्याकडे बघतच तिनं विचारलं, "जेवायला तरी देतात का गं?" मी सांगितलं, डबा वर जाताना बघितलाय.

दसऱ्याला कारखान्याला सुट्टी होती. किल्ली स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि मी दिवसभर खोलीतून बंगल्याच्या वरच्या खिडकीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्टोअरमध्ये आले. कधी येत नाहीत. टेबलाशी उभे राहून ड्रॉवरकडे पाहत म्हणाले, "तुझे वडील फार शहाणे होते. बारा वर्षं गाडी चालवली, कधी मान वळवली नाही." ते गेल्यावर मी ड्रॉवरमधून किल्ली काढून घेतली.

त्याच दुपारी ते बाहेर पडल्यावर मी वर जाऊन कुलूप उघडलं. बाईसाहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "परवा तूच होतीस ना? खोकल्यावरून ओळखलं मी." मी मान हलवली आणि फाटकाबाहेर जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षात त्या म्हणाल्या, "भावाकडे नंतर. आधी चौकीवर."

चौकीत हवालदारांनी माझा जबाब घेतला. मी सगळं सांगितलं. कुलूप मीच दिलं, आवाज ऐकला, ओ दिली नाही, आणि दोन दिवस किल्ली माझ्याजवळ होती. त्यांनी पेन थांबवलं. "ताई, हे कशाला? तुमच्यावरच शेकेल. आजच कळलं, असं लिहितो." बाईसाहेब जमिनीकडे बघत होत्या. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! मी म्हणाले, "नाही. ऐकलं होतं, असंच लिहा."

आता आई पोत्यात भांडी भरतेय. फाटकाशी गाडी वाजली की आम्ही दोघी हातातलं काम थांबवतो. अण्णा, हे पत्र मी तुमच्या फोटोपुढेही वाचून दाखवणार नाही. तुम्ही काय म्हणाल याची मला मालकांपेक्षा जास्त भीती वाटते. पण हवालदारांनी मी सांगितलं तसंच लिहिलं, आणि त्याखाली मी सही करून आले आहे.