गाडीची जागा

प्रिय बारक्या,

वर ‘प्रिय साहेब’ असं लिहिणार होते मी, पण तुझं नाक मी पुसलेलं आहे, तेव्हा बारक्याच. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. पत्र मध्येच बंद करता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

इथलं काही ठीक नाही. तुझ्या भाचीची छाती पुन्हा भरलीय. नर्सबाई येऊन गेल्या, त्यांनी पलंगामागच्या भिंतीवरून हात फिरवला तर बोटं काळी झाली. म्हणाल्या, औषध देते, पण पोरीला या खोलीतून बाहेर काढा. कुठे काढू? जुनी घरं तुमच्याच खात्याने पाडली, नवी दिली म्हणून.

जुन्या घराची ओसरी आठवते का रे? वेत भिजवायचा, ओला असतानाच सोलायचा आणि सावलीत वाऱ्यावर ठेवायचा, कारण उन्हात तो तडकतो. हे तुला शिकवावं लागलं नव्हतं. आई ओसरीवर टोपल्या विणायची आणि तू तिच्या पाठीला टेकून पाढे घोकायचास. तुझं कॉलेज त्या टोपल्यांवर झालं. आपल्या लोकांमधला पहिला इंजिनिअर झालास, तेव्हा आईला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग तू आमच्यासाठी घरं बांधलीस. छान पक्की घरं, आणि ओसरीच नाही. ओसरीच्या जागी काय, तर गाडी लावायला सिमेंटचा चौकोन. अख्ख्या वस्तीत गाडी कुणाकडे आहे? तुझ्याकडे, आणि ती तू वर्षातून एकदा आणतोस. मी विचारलं तेव्हा म्हणालास, नकाशा वरूनच ठरून येतो, ताई. वरच्यांना माहीत नव्हतं, कबूल. ते आपल्यात कधी राहिलेत? पण तुला माहीत होतं. माझ्या डोक्यात तीच तिडीक बसलीय, ती जात नाही.

चौकोनावर दिवसभर ऊन. तिथे विणलेली टोपली व्यापारी हातातही धरत नाही. म्हणून घरोघरी बायका दार लावून खोलीतच वेत भिजवतात, तिथेच सोलतात, तिथेच सुकवतात आणि तिथेच पोरांना झोपवतात. भिंती काळ्या पडणार नाहीत तर काय होईल? काम निम्म्यावर आलंय आणि जे काही हातात येतं ते औषधात जातं. उद्‌घाटनाला मात्र तुमचे मोठे साहेब तासभर बोलले, आदिवासींचं राहणीमान कसं उंचावलं त्यावर. आईच्या हातात चावी देऊन फोटो काढला. तिने जन्मात घराला कुलूप लावलं नव्हतं. फोटोत तू तिच्या शेजारी उभा आहेस, छान दिसतोस.

आता मुद्द्याचं सांगते. गेल्या आठवड्यात पोरगी निळी पडायला लागली, तेव्हा आईने पहार उचलली. कुणाला विचारलं नाही. समोरच्या भिंतीला हातभर रुंद खिंडार पाडलं, पाडलेल्या जुन्या घराचे वासे त्या चौकोनावर उभे केले, वर जुने पत्रे टाकले. आता वेत बाहेर असतो, घरात वारा येतो, पोरगी झोपते. शेजारणी पहार मागायला येऊ लागल्यात. तुझ्या ऑफिसातला माणूस येऊन ओरडून गेला, सरकारी घराची नासधूस केलीत, घर काढून घेऊ, गुरुवारी इंजिनिअर साहेब स्वतः पाहायला येणार आहेत. साहेब कोण, ते आम्हाला ठाऊक होतं. साहेबांची आई कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं आणि आईने मला सांगू दिलं नाही. म्हणाली, त्याला येऊ दे, त्याचं काम करू दे.

तर ये. घर काढून घ्यायचं असेल तर आईकडूनच घे. फक्त येताना गाडी रस्त्यावर लाव. तिच्या जागेवर आई बसलीय.

तुझीच,
ताई