मच्छरदाणी नेतेय

दादा,

वहिनीला दवाखान्यात ठेवून घेतलंय, मलेरिया निघाला. मी तिचे कपडे न्यायला आले होते. तुझं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. तेवढं जमेल.

ती इतके दिवस कुडकुडत होती, तर आई म्हणायची, पोटुशीला होतंच असं, उगाच कौतुकं नकोत. तू म्हणालास, तिला जन्मात कधी ताप आला नाही, आता कसला येतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणात तापाशी झुंजायची ताकदच कमी होते. जंतू पोटातल्या बाळाच्या वारेत ठाण मांडून बसतात आणि त्याचं पोषण तोडतात. बाळ फारच लहान राहिलंय.

त्यांनी विचारलं, "तुला दिलेली मच्छरदाणी वापरतेस ना?" वहिनी मान खाली घालून हो म्हणाली. ती मच्छरदाणी तुझ्या कॉटवर असते आणि ती स्वतः खाली सतरंजीवर झोपते, हे तिच्या तोंडून निघालं नाही. मग मीच सांगितलं.

मच्छरदाणी काढून नेतेय. आज तुला डास चावतील. ताप आलाच तर घाबरू नकोस. तुझ्यासाठी आई लगेच गाडी बोलावेल.

धाकटी