धुतला नव्हता

१२ मे २०२३
एटापल्लीची ललिता आली. पिशवीत आईचा एकुलता एक फोटो. काढला अन् महिन्याभरात आई वारली. मागे माझ्याच स्टुडिओचा शिक्का — १९९६! चेहरा पिवळा पडून पुसला जातोय. तिनं विचारलं, काऊन झालं असं, भाऊ? मी पटकन म्हणालो, धुराने. तिचा बाप बिरजू रोज संध्याकाळी फोटोपुढे सालईची राळ जाळतो म्हणे. मग तेच, म्हणालो. ती फोटो ठेवून गेली.

१३ मे
फोटोच्या कडेला सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. दोन मिनिटांत तपकिरी डाग! म्हणजे हायपो कागदातच राहिलाय. फोटो पक्का करतो तोच हायपो. पण नंतर तासभर वाहत्या पाण्यात धुवून काढला नाही तर चित्र खातो. ९६च्या त्या उन्हाळ्यात नळ कोरडे होते. शंभर फोटो एकाच टबात बुचकळून मी वाळत घातले. ठाऊक होतं मला. राळेचा काय संबंध!

१५ मे
मोबाइलवर कॉपी काढली, नाक-डोळे येत नाहीत. निगेटिव्ह पुरात गेल्या. एकच उपाय — उरलंसुरलं चित्र ब्लीचमध्ये पार घालवायचं अन् डेव्हलपरमध्ये परत आणायचं. आलं तर आलं.
ललिताला फोनवर विचारलं. करा म्हणाली. मग म्हणाली, "बाबानं राळेचा डबा फेकून देल्ला. जेवून बी नाई राह्यला."
खरं सांगायला तोंड उघडलं, आणि बोललो काय? ऊन फार आहे, दोन-तीन दिवस लागतील. भित्रा!

१६ मे
पारा सेहेचाळीस. हात लावला नाही.

१८ मे
टाकीचं पाणी चटका देतंय. अशात फोटोवरचा थर सुटून येतो. बर्फाची लादी आणून ट्रे तिच्यावर ठेवले. आधी तासभर धुतला, सत्तावीस वर्षं उशिरा.
ब्लीचमध्ये बाई हळूहळू निघून गेली. कोरा कागद. डेव्हलपरमध्ये टाकला — काही नाही. साठ आकडे मोजले. काही नाही! मग गळ्यातल्या माळा उमटल्या, मग हनुवटी, मग डोळे. कॅमेऱ्यावर रागावलेले. मी रडलो, लपवू कशाला.
उद्या पहिल्या बसने एटापल्ली, ललिताला कळवलंय. फोटो बिरजूच्या हातात देईन आणि सांगेन, चूक माझी.

१९ मे
निघताना ललिताचा फोन. येऊ नका, बाबा पहाटे गेला. शेवटपर्यंत एकच बोलत होता, भाऊ — "म्याच तिले पुसून टाकलं."