मंडईचं बोलावणं

देवरी,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय उमेंद्र,
अनेक आशीर्वाद. तू आणि रुची बरे असाल. इकडे धान कापणीला आलं आहे, मजूर मिळत नाहीत. माझं टायपिंगचं दुकान चालू आहे.

‘ताई, हे काय पाठवलंस? एक शब्द वाचता येत नाही. व्हायरस तर नाही?’ हे तुझं उत्तर मिळालं. व्हायरस नाही रे बाबा! दुकानात नवा कॉम्प्युटर घेतला, त्यात मेलचं सॉफ्टवेअरही नवं. मराठी लिहायला बसले की पडद्यावर भलतंच उमटायचं. माझा हात बसलेला जुन्या फॉन्टवर. शेवटी तोच त्यात टाकला, तर सगळं कसं स्वच्छ दिसायला लागलं. खुशीत पाठवून दिलं. आता कळलं, तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला नुसती भेळ दिसते. नव्या पद्धतीचं टायपिंग मला अजून जमत नाही, म्हणून हे हाताने लिहून मेलवर फोटो पाठवते आहे. तू नवा नंबर दिला असतास तर एवढा खटाटोप कायले केला असता?

फॉन्टचं पुराण लांबवते आहे, कारण पुढचं लिहायला मन धजत नाही.

तो मेल माझा नव्हता. बाबांचा होता. दुकानात माझ्या बाजूला बसून त्यांनी सांगितलं, ‘‘लिव, यंदा मंडईले ये. सूनबाईले घेऊन ये. संगंच दंडार पाहू.’’ तुझ्या लग्नापासून त्यांनी तुला बोलावलं नव्हतं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला, रात्रीचा दंडारीचा खेळ पाहायला गावात झाडून सगळे पाहुणे येतात. ज्याला बोलावणं नाही त्याचं नातं तुटलं, हेच आपल्याकडे समजतात.

तुझं उत्तर आल्यावर मी त्यांना सांगितलं, मजकूर बिघडला, त्याला वाचताच आला नाही. ते उठून पडद्याजवळ आले. माझ्या कॉम्प्युटरवर तर एकेक अक्षर ठसठशीत!

‘‘हे तं साफ दिसून राहिलं,’’ म्हणाले. ‘‘काऊन लपवून राहिली, रीता? त्यानं नाही म्हटलं ना?’’

मी फॉन्ट समजावत राहिले, तुझं उत्तरही वाचून दाखवलं, पण ते चपला घालून निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. काल शेजारच्या बिसरामकाकांना म्हणाले, पोरगा नाही येत यंदा. मला रडू आलं आणि रागही आला. त्यांचा नाही, तुझा!

मंडई येत्या रविवारी आहे. मला उत्तर लिहू नकोस. वाचून दाखवलं तरी त्यांना वाटेल, मीच रचलं. बाबांचा नंबर तोच आहे. फोन उचलून आधी गप्प बसतील, पण तू ठेवू नकोस. येणार असशील तर त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. यायचं नसेल तर तेही तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही.

बापाच्या नजरेत खोटी ठरलेली,
तुझी रीताताई